दांडा तुमच्याकडे, घर जॅकवर

मेपल क्रीक, विस्कॉन्सिन
हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचा रविवार

तीर्थरूप ल्यूथरकाकांना आणि मार्व्हाकाकूंना कॉरिनाचा नमस्कार.

छातीवरचे टाके कसे आहेत? काकू फोनवर म्हणाल्या की डॉक्टरांनी तुम्हाला जड उचलायला आणि चिडायला बंदी केली आहे. पहिली बंदी तुम्ही पाळत असाल याची खात्री आहे. दुसरीसाठी हे पत्र थोडं थोडं करून वाचा, मधे पाणी प्या. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. (हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण आमचं घर सध्या जॅकवर उभं आहे. खरोखरच्या जॅकवर. पुढे सांगते.) बाबांनी तुमची चौकशी केलेली नाही, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमची उगीच निराशा नको. तुमच्या ऑपरेशनचं कळलं त्या दिवशी मी फोन ठेवला तेव्हा त्यांनी फक्त "किती नळ्या बदलल्या?" एवढंच विचारलं, तेही हातातल्या वॉशरकडे बघत. मी म्हटलं, तीन. ते "हं" म्हणाले आणि गॅरेजमध्ये गेले. जेवायला आलेच नाहीत. त्या दिवशी घरी त्यांच्या आवडीचा तळलेला मासा होता. पण भावाची काळजी वगैरे काही नाही, हं. गैरसमज नको.

आमचं गॅरेज तुम्ही शेवटचं पाहिलंत ते आजोबा गेले त्या वर्षी. तेव्हा त्यात गाडी राहायची. आता गाडीचा फोटोही मावणार नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत जुने हायड्रॉलिक जॅक आहेत. लोखंडी चाकांचे, लांब सोंडेचे, एकेक दोन माणसांनाही न उचलवणारा. यातला प्रत्येक जॅक कुठल्यातरी बंद पडलेल्या वर्कशॉपमधून किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या लिलावातून बाबांनी "वाचवलेला" आहे. (विकत घेतला असं ते कधीच म्हणत नाहीत. आईचं म्हणणं, वाचवायला आधी कुणीतरी मारत असावं लागतं.) त्यामुळे ज्या घरात गावातल्या सगळ्या गाड्या एकदम उचलता येतील एवढे जॅक आहेत, त्या घरातली एकुलती एक गाडी आई रोज सकाळी फावड्याने बर्फातून उकरून काढते. बाबा खिडकीतून हात हलवतात.

शनिवारी मंडळ जमतं. बाबांसारखेच आणखी चार निवृत्त गृहस्थ, जे घरात चमचा विसळत नाहीत, ते पन्नास वर्षांपूर्वीचा तेलाचा गाळ दात घासायच्या ब्रशने साफ करतात. त्यांचं आपसात पटतं असं समजू नका. जॅकला मूळचा रंग ठेवायचा की नवा द्यायचा यावरून दोन तट आहेत. आमच्या शेजारचे एल्मर म्हणतात, गंज हा जॅकचा इतिहास आहे. बाबा म्हणतात, गंज हा गंज आहे. यावरून दोघं एक अख्खा उन्हाळा एकमेकांशी बोलत नव्हते आणि तरीही रोज एकाच बाकावर बसून काम करत होते. पक्कड हवी असली की माझ्यामार्फत मागायचे. मी समाजकार्याची पदवी घेतली आहे. (घरातली पहिली. आई हे अजूनही चीजच्या दुकानात रांगेतल्या लोकांना सांगते.) त्यात भांडणं कशी मिटवावीत असा एक संपूर्ण विषय होता. त्यात जॅकचा उल्लेख कुठेही नव्हता. मी विद्यापीठाला कळवणार आहे.

तरी काका, माझा आजही असा विश्वास आहे की मोडलेली वस्तू फेकून न देता दुरुस्त करत बसणारी माणसं ही समाजाचा आधार असतात. म्हणून तर मी वाचनालयात महिन्यातून एकदा "दुरुस्तीची दुपार" सुरू केली. लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या, जाणत्यांनी दुरुस्त करून द्यायच्या, शेजाऱ्याची शेजाऱ्याशी ओळख व्हायची. पहिल्या दुपारी मोठ्या अभिमानाने बाबांना घेऊन गेले. एका आजींनी टोस्टर पुढे केला. बाबांनी तो उलटा करून पाहिला, आणि "हा तर परवाचा आहे" म्हणून अदबीने परत दिला. उरलेला वेळ ते त्या आजींना जॅकमधलं तेल गळू न देणाऱ्या ऑइल सीलबद्दल सांगत होते. आजी पुन्हा आल्या नाहीत. टोस्टर मी दुरुस्त केला.

आता मुद्द्यावर येते. तुम्हाला आजोबांचा जॅक आठवत असेलच. (कसा विसराल? चर्चच्या तळघरात आजोबांच्या अंत्यविधीनंतरचं जेवण चालू असताना, लोक हॅमचे सँडविच हातात धरून बघत असताना, तुम्ही दोघं भाऊ बाहेर पार्किंगमध्ये तो जॅक दोन बाजूंनी ओढत होतात. शेवटी बाबांनी जॅक आपल्या ट्रकमध्ये टाकला आणि तुम्ही त्याचा दांडा उपसून घेऊन थेट ड्युलुथला आपल्या घरी निघून गेलात. जगात वाटण्या होतात, पण धड एकाकडे आणि दांडा दुसऱ्याकडे अशी समजूतदार वाटणी आपल्याच घराण्याला सुचावी.) तेव्हापासून बाबांनी त्या जॅकवर ताडपत्री टाकून ठेवली होती. बाकीचे सगळे जॅक दुरुस्त झाले, तो नाही. विषय काढला की म्हणायचे, "मला ल्यूथकडून काही नको. दांडा तर मुळीच नको. फक्त तो दांडा त्याचा नाही, एवढंच." तुम्हीही काकूंजवळ अगदी हेच म्हणता म्हणे, फक्त जॅकबद्दल. शिवाय तो दांडा दिवाणखान्यात हरणाच्या डोक्याखाली टांगलात. पाहुण्यांना काय सांगता हो, कुठली शिकार म्हणून?

तर तुमच्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी ताडपत्री निघाली. कारण विचारलं तर "हवा बरी आहे." (बाहेर गारा पडत होत्या.) बाबांनी जॅक सगळा उघडला, पिस्टन घासला, नवी सील घातली, तेल भरलं, आजोबांनी दिलेला लाल रंग जिथे शिल्लक होता तिथे फडक्यानेसुद्धा जोर लावला नाही. (एल्मर हे बघून म्हणाले, "आता आला बरं इतिहास.") राहिली होती फक्त परीक्षा. मंडळाचा नियम असा की दुरुस्त केलेल्या जॅकवर जड ओझं चढवायचं, खडूने रेघ मारायची, आणि रात्रभर ठेवून सकाळी पाहायचं. रेघेपासून खाली आला नाही तर पास. एरवी एल्मरचा ट्रक उचलतात. पण ट्रकला लावायला हवा मोकळा फरशीचा तुकडा, गॅरेजमध्ये मांजराला जागा नाही, आणि बाहेर उतारावर बर्फ. आणि स्वयंपाकघराची जमीन मधे खचली आहे अशी तक्रार आई माझ्या जन्माच्या आधीपासून करत आली आहे. बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. जॅक तळघरात न्यायचा, त्यावर जाड लाकडी खांब उभा करायचा, खांबाचं टोक स्वयंपाकघराखालच्या तुळईला, आणि ट्रकऐवजी घर उचलायचं. परीक्षाही होईल आणि बायकोही गप्प बसेल. असा एका दगडात संसार.

जॅक तळघरात कसा गेला हे थोडक्यात सांगते. मागच्या दारातून फळीवरून हळूहळू सोडायचा असं ठरलं होतं. "हळूहळू" हा शब्द फक्त जॅकला कुणी कळवला नव्हता. फळीच्या टोकाला आईचं फडताळ होतं. त्यात या वर्षीचे टोमॅटो, बीट आणि काकडीचं लोणचं होतं. होतं. आई जिन्यावरून म्हणाली, "अर्विन, जॅकला लागलं नाही ना रे फार?" आणि बाबांनी खरोखर वाकून जॅक तपासला आणि "नाही" म्हणाले.

दांडा नव्हता म्हणून बाबांनी पाण्याची एक जुनी नळी खोबणीत खुपसली आणि हापसायला सुरुवात केली. घर उचललं गेलं. मी स्वयंपाकघरात उभी होते, काका, आणि खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. आजोबांचा जॅक, बाबांचे हात, आणि पायाखालची जमीन सरळ होते आहे. सरळ झाली. मग बाबा अजून थोडं हापसले. मग अजून थोडं. मग बाथरूमच्या दाराने एक आवाज केला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कारण तो दांडा तुम्ही रोज बघता. वर चढवायला कुठलीही नळी चालते. खाली उतरवायला मात्र तुमच्याकडच्या दांड्याच्या टोकाची चौकोनी खाच जॅकचं तेल सोडणाऱ्या त्या पितळी स्क्रूवर बसवून फिरवावी लागते. नळी नुसती गोल गोल फिरते. हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. पण म्हणे "लक्षात राहिलं नाही." एल्मरनी सुचवलं, पकडीने स्क्रू फिरव की. बाबा असे काही बिथरले, जणू एल्मरनी आजोबांचे दात पकडीने काढायला सांगितले. "पितळेला पकडीचा ओरखडा पडला तर मी बापाला तोंड कसं दाखवू?" आई म्हणाली, "त्यांना तुझ्या तोंडाची एवढी घाई नाही." तिने आणि एल्मरनी मग तुळईखाली दोन्ही बाजूंना ओकचे ओंडके रचून घेतले. आता घर कोसळलंच तर फार तर जिथे पूर्वी होतं तिथे येईल.

तेव्हापासून आमचं असं चाललं आहे. पूर्वी वाटाणा सांडला तर फ्रिजकडे जायचा, आता दिवाणखान्यात येतो. पुढचं दार उघडत नाही, त्यामुळे पोस्टमन खिडकीशी गप्पा मारून जातो. बाथरूमचं दार लागत नाही, म्हणून आत असलेल्याने गात राहायचं असा नियम केला आहे. बाबांना एकच गाणं येतं आणि त्याचंही पहिलंच कडवं. मी माझं शिक्षण वाया जाऊ नये म्हणून एक दिवस आई-बाबांना टेबलाशी बसवलं आणि मधे लाकडी डाव ठेवला. ज्याच्या हातात डाव त्यानेच बोलायचं, दुसऱ्याने मन लावून ऐकायचं. बाबांनी डाव घेतला आणि रस्सा गार होईपर्यंत सीलच्या चामड्याबद्दल बोलले. मग आईने डाव घेतला, रस्सा ढवळला, आणि म्हणाली, "अर्विन, ज्याच्याकडे दांडा आहे त्याला फोन कर." बाबा म्हणाले, "त्याला चिडायची बंदी आहे." वर्गात आम्ही याला प्रगती म्हणायचो.

तर असा सगळा आनंद आहे. थँक्सगिव्हिंगला टर्की नेहमीचाच, फक्त यंदा भट्टीत तो एका बाजूने भाजला जाईल, कारण चरबी सगळी उत्तरेला वाहते. तब्येतीला जपा. काकूंचं ऐका. या पत्राचा हेतू फक्त खुशाली कळवणं एवढाच आहे.

तुमची,
कॉरिना

ता. क. खुशालीव्यतिरिक्त एक बारीकसं काम होतं. थँक्सगिव्हिंगला इकडे या, आणि येताना दांडा घेऊन या. गाडी काकूंना चालवू द्या. जड उचलायची बंदी असल्याने दांडा मी उचलेन, तुम्ही फक्त फिरवा. बाबांनी तुम्हाला बोलावलेलं नाही. त्यांनी फक्त पाहुण्यांच्या खोलीतले जॅक आपणहून बाहेर काढले आहेत आणि पलंगाला नवी गादी आणली आहे. कुणासाठी, ते सांगत नाहीत.

ता. क. २. पत्र बंद करणार होते, पण आज दुपारी बटाटे आणायला तळघरात निघाले आणि जिन्यातच थांबले. बाबा जॅकपाशी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी पकडीच्या तोंडाला मऊ फडकं गुंडाळलं आणि तो पितळी स्क्रू अलगद फिरवला. घर एक मोठा सुस्कारा टाकून ओंडक्यांवर खाली बसलं. वर बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला. वर पाणी वाहून थांबेपर्यंत बाबा जॅकच्या पाठीवर हात ठेवून बसले. मग त्यांनी स्क्रू घट्ट केला, नळी घेतली, आणि घर पुन्हा खडूच्या रेघेपर्यंत हापसून चढवलं. मी बटाट्यांशिवाय परत आले. आईला सांगितलं. ती ओल्या केसांनी कणीक तिंबत होती, मान वर न करता म्हणाली, "रोज चारला उतरवतो तो, सीलला विसावा म्हणून. मी तेव्हाच आंघोळ उरकते. आता त्याला काही बोलू नकोस."

ता. क. ३. तेव्हा तुम्हीही पकडीबद्दल काही बोलू नका. दांडा बसवा, सावकाश फिरवा, आणि बाबा शेजारी उभे राहून "जपून, ल्यूथ, जपून" म्हणतील ते म्हणू द्या. आणि काका, दांडा आता भिंतीवर नाही हे काकूंनी मला सांगितलं आहे. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही तो पुसून, तेल लावून, आमच्या पत्त्याची चिठ्ठी बांधून गाडीच्या डिकीत ठेवलात, आणि अजून तो तिथेच आहे. म्हणजे दांडा केव्हाचा निघालेला आहे. आता फक्त तुम्ही गाडीत बसायचं राहिलं आहे.