हिरव्या चेहऱ्याचं पान

नचिकेत,

संग्रामला राजेंद्रनगरला रूम बघून द्यायला चाललेय. रेवती सोबत आहे. जेवायला आमची वाट बघू नकोस.

रेवतीला भावना कळाव्यात म्हणून तू आणलेलं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलंय. काल तिला किळस म्हणजे काय तेच कळेना. मग संग्रामने त्या पानावरचा, तोंड वाकडं केलेला हिरवा चेहरा दाखवून विचारलं, "असं तोंड कोण करतं?" ती म्हणाली, "बाबा ना. तू सोफ्यावरून उठलास की करतात. मग सोफा पुसतात."

तो हसला, पान उलटलं आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मग जाऊन बॅग भरली.

माझ्या भावाने विश्वासाने पोरगा परीक्षेच्या तयारीला आपल्याकडे पाठवला होता. संग्राम का गेला, हे त्याला फोन करून तूच सांग. माझ्याने ते बोलवणार नाही. तुझा तो स्प्रे आणि फडका नुसता दिसला तरी शिसारी येते.

आज सोफा पुसायची गरज नाही. निघताना बूट घालायला संग्राम फरशीवर बसला होता.

संपदा