बंडीचे टायर

बाबा, तुमच्या टायरमुळे ज्यांचा पाय मोडला असं आपल्या दुकानाजवळच्या सगळ्या कामठी रोडने मानलं, ते काका मंगळवारी माझ्या दारात चार नवेकोरे टायर ठेवून गेले. मालवाहू ऑटोतून आले, काठी टेकत उतरले, चहा घेतला. पैशांचं विचारलं तर हात झटकला. "रविवारी लाव वं, तेराच इंची हायेत," एवढंच बोलून परत ऑटोत बसले. आज शनिवार. उद्या शर्यत आहे. गुरुवारपर्यंत मी फक्त एकच विचार केला, की ज्याचा पाय आपल्या घरामुळे गेला, त्याने दिलेल्या चाकांवर आपला जीव टाकायचा का? टायरबद्दल विचारावं असं तुमच्यामागे माझं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुमची पोरगी चव्वेचाळीसाव्या वर्षी डोक्यात हेल्मेट घालून गाडी पळवते, हे ऐकून तुम्ही आधी हसाल आणि मग विचाराल, "हवा किती ठेवतं?" नोकरी बुटीबोरीलाच आहे, सूतगिरणीत धागा तपासायची. दिवसभर संशय घ्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या कंपनीच्या पलीकडे एका मैदानात मुरमाचा ट्रॅक केला आहे. तिथे वर्षातून दोन-तीनदा आमच्यासारखे हौशी लोक जमतात. एका वेळी एकच गाडी सोडतात, कोण किती वेळात फेरी मारतं ते मोजतात. बक्षीस म्हणजे एक कप आणि नाश्ता. माझी गाडी जुनी, छोटी, तेरा इंची चाकांची. मागच्या वेळी शेवटच्या वळणावर ती अशी घसरली की मी उलट तोंडाने बाहेर आले. पोट्टे टाळ्या वाजवून राहिले होते. टायर बदलल्याशिवाय पुन्हा उतरायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं.

पण घ्यायचे कोणते? ज्याला विचारावं तो मोठ्या चाकाचं गाणं गातो. दुकानातला माणूस म्हणाला, "मॅडम, तेरा इंच आता कोण टाकते? पंधरा घ्या, अलॉय घ्या. गाडी अशी उभी राहीन का लोकं वळून पाहतीन." मी म्हटलं, "मले उभी नाही करायची गा, पळवायची हाये." पंधरा इंची चाक घातलं की रबराची उंची कमी होते. मग मुरमातला एक दगड नीट बसला की रिम वाकली. चाक जड, आमचं इंजिन एवढंसं, वळणातून निघताना ते धापा टाकणार. वरून मडगार्डला घासणार ते वेगळंच. जुन्या बाजारात चौदाच्या रिम मिळत होत्या, पण त्यात अर्धा खिसा रिकामा झाला असता आणि टायर पुन्हा साधेच घ्यावे लागले असते. थोडा पैसा असेल तर तो रबरात घालावा, लोखंडात नाही, हे मी तुमच्या दुकानात ओट्यावर बसून शिकले. म्हणून म्हटलं, आहेत त्याच लोखंडी रिम ठेवू, तेराचेच टायर दाखवा. त्याने आतून आणले, काळेभोर, चकाचक. मी खाली बसले आणि बाजूवरचे बारीक आकडे वाचले, कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते. सहा वर्षं गोदामात पडून होता बिचारा आणि वरून पॉलिश चोपडलं होतं. नख दाबलं तर रुतेना. "तुम्ही जाम शक करता मॅडम," तो म्हणाला. मी म्हटलं, शक नाही करत, वाचून राहिली.

आणि अशात मंगळवारी हे काका! ते ट्रॅकवर नेहमी येतात, खुर्ची टाकून बसतात. मी तुमची मुलगी हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत, पण ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी त्यांच्याकडे गेले नाही. त्यांना पाहिलं की माझी मान आपोआप खाली जायची. ते गेल्यावर मी टायर अंगणात घेतले. आकडे वाचले, अगदी ताजे. नख लगेच रुतलं. आत हात घालून बोटाने सगळा गोल चाचपला, ठिगळ नाही, फुगवटा नाही. बल्ब आत सोडून बाहेरून पाहिलं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून त्याच्याच एका रिमवर एकेक चढवून पाण्याच्या टाक्यात बुडवले, एक बुडबुडा नाही. खोट सापडली असती तर सुटले असते बाबा, टायर परत पाठवले असते आणि विषय संपला असता. खोट सापडेना म्हणून माझा संशय अजूनच वाढला. एवढं चांगलं कोणी कोणाला फुकट काहून देईल?

तुम्हाला तो उन्हाळा आठवत असेलच. मी चौदा वर्षांची. तुम्ही हातमाग सोडून उमरेडहून आलेले, पण टायर हातात घेतला की म्हणायचे, "हे बी सूतच हाये, वरून रबर चोपडलं." बोडक्या टायरला तुम्ही गरम पात्याने नव्या खाचा पाडायचे. दुकानभर जळक्या रबराचा वास, तुमच्या कपाळावर घाम, आणि पातं सुतापर्यंत जाऊ नये म्हणून धरलेला श्वास. जीपचे ते सोळा इंची टायर बैलांच्या बंडीला चालायचे, आणि तुम्ही ते फक्त बंडीलाच द्यायचे. बैल चालतो तेवढंच यांनी चालावं, माणसाच्या गाडीला हे लावणं म्हणजे पाप, असं तुमचं म्हणणं. म्हणून शाळेतून आल्यावर माझं काम असायचं, अशा प्रत्येक टायरवर पांढऱ्या पेंटने 'बंडी' लिहायचं. मी मन लावून लिहायचे.

मग शर्यतीत त्या काकांची जीप उलटली. वळणावर पुढचा टायर फाटला. पाय दोन ठिकाणी मोडला. लोक म्हणाले, टायरवाल्याने खाचा पाडलेला माल नवा म्हणून खपवला. तुम्ही एका शब्दाने उत्तर दिलं नाही. मला वाटलं, खोटं आहे, माझे बाबा असं करूच शकत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि जीप जिथे ओढून आणली होती त्या गॅरेजात गेले. टायर ओळखला. तुमच्या खाचा मी कुठेही ओळखेन. पण बाजूवर 'बंडी' नव्हतं. मी स्वतः लिहिलेलं, आणि आता तिथे नुसता पांढुरका डाग, कोणीतरी घासून पुसलेला. मी तिथेच ठरवलं की हे तुम्ही पुसलं. दुसरं कोण पुसणार? घरी आले, जेवले, तुम्हाला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही बाजारातून आंबे आणले तरी मी खालचा आंबा आधी पाहायचे.

गुरुवारी मला राहवलं नाही. सुट्टी होताच बुटीबोरीहून गाडी काढली ती सरळ खापरखेड्याला, काकांच्या घरी. काकू आत स्वयंपाक करत होत्या. मी बसायच्या आधीच विचारलं, "काका, हे टायर तुम्ही मले काहून देऊन राहिले?"

"काहून म्हणजे? मी माझ्यासाठी घेतले होते. वाटलं रिटायर झालो तं पळवू एकदा. गुडघा नाही म्हणते."

"माझ्या बाबांच्या टायरनं तुमचा पाय गेला, अन् तुम्ही त्यायच्याच पोरीले टायर देता? मले पटत नाही."

काका उठले. आधी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि मग हळू आवाजात म्हणाले, "मोठ्यानं नको बोलू वं. तिले अजून सांगतलं नाही म्या. तुझ्या बापानं तीनदा नाही म्हटलं होतं. मीच नाही ऐकलो. नव्या टायरची ऐपत नव्हती, अन् शर्यत तं पळायचीच होती. मंग खोटंच म्हटलं, गावाकडच्या बंडीले पाह्यजे. तो काही खुळा नव्हता, माझ्या तोंडाकडं पाहूनच समजला होता. पण देल्ले त्यानं."

तरी माझा विश्वास बसेना, बाबा. वाटलं, म्हातारा माणूस आहे, मेलेल्याबद्दल चांगलं बोलायला काय जातं! मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पुसायले अर्धा तास लागला. पेट्रोल ओतलं, चिंधी घासली. शर्यतवाले पाहतीन तं उतरू देणार नाहीत ना. कोण्या पोरीचं अक्षर होतं, ब चं पोट हे एवढं मोठं. अजून दिसते मले."

माझ्या ब चं पोट अजूनही मोठंच आहे. मी बसल्या जागी रडले. काका घाबरले, पाणी द्यायला उठले, पण दार उघडावं लागेल म्हणून परत बसले. म्हणाले, "दवाखान्यात आला होता तुझा बाप. म्या म्हटलं, सांगतो सगळ्यायले खरं. तं म्हणे, कायले? मी नाही म्हटलं अन् मंग देल्ले. देल्ले ते देल्ले." आणि मग हे काका तीस वर्षं गप्प बसले, कारण बायकोला काय तोंड दाखवणार! त्यांचा राग आला, पण खरं सांगू, तुमचा जास्त आला. दुकान बसलं. आईने चार बायकांत जाणं सोडलं. आणि तुम्ही संध्याकाळी हात धुऊन पाटावर बसायचे, जसं काही झालंच नाही. जगाला नका सांगू, मला तरी सांगायचं होतं! मी एका भिंतीपलीकडे अभ्यास करत होते. एक वाक्य पुरलं असतं. पण विचारायला मला तरी कोणी अडवलं होतं?

आज सकाळी चारही टायर लावून आणले. हवा कंपनी सांगते त्याहून थोडी कमी ठेवली आहे, मुरमाला बरी पडते. एक चक्कर मारून आले. गाडी वळणात धरते. उद्या नंबर येणार नाही, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोट्टे आहेत तिथे. पण त्या वळणाची भीती वाटत नाही आता.

हे पत्र पाठवायचं असतं तर मी इथेच थांबले असते. पाठवायचं नाही, म्हणून एक अजून लिहिते. मी माझी पहिली गाडी घेतली, जुनीच, तेव्हा तुम्हाला दाखवायला आणली होती. तुम्ही गाडीचा रंग पाहिला नाही, आत बसला नाहीत. चारही चाकांजवळ एकेकदा उकिडवे बसलात, नख दाबून पाहिलं आणि म्हणालात, "चांगले हायेत. कोठून घेतले?" मी म्हटलं, आधीच्या मालकाचेच आहेत. तुम्ही "बरं" म्हणालात आणि हात धुवायला आत गेलात. ते आधीच्या मालकाचे नव्हते, बाबा. तुमच्या हातचे नकोत म्हणून तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी मी ते दुसऱ्याच्या दुकानातून बदलून घेतले होते.