विकलेल्या घराच्या परसात

अप्पा, आज सकाळी मी त्या घराची बेल दाबली. ज्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही म्हणून तुम्ही आम्हाला बजावलं होतं, त्याच दारात पदर खोचून, हातात मेटल डिटेक्टर धरून उभी राहिले आणि परसात जायची परवानगी मागितली. तुम्ही असतात तर आठ दिवस माझ्याशी बोलला नसतात. नसतात तर नसतात. आता सगळं नीट ऐकून घ्या, या वेळी तुम्हाला मध्येच उठून तिन्नैच्या ओट्यावर जाऊन बसता येणार नाही.

आधी मशीनचं सांगते. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, जमिनीत धातू असला की कुंई करतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर घेतलं. माझ्या वयाच्या बायका देवळं करतात, मी लोकांची परसं करते. कुणाचं विहिरीपाशी कर्णफूल पडलेलं असतं, कुणाची नातवानं फेकलेली किल्ली असते, आणि बाकी बहुतेक वेळा गंजलेले खिळे. तंजावुरच्या राजवाड्याच्या आवारात किंवा देवळाच्या जागेत मी जात नाही, ते सरकारचं. पण राजवाड्यामागच्या गल्ल्यांत, तिरुवैयारूच्या वाटेवरच्या गावांत जुनं घर दिसलं की जाते, आणि दर वेळी परवानगी मागून जाते. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली मी नाही, मशीन हातात दिसेल असं धरूनच बेल दाबते. जे निघेल ते घरमालकाचं, हेही आधीच सांगते. तरी लोकांना एकच शब्द ऐकू येतो, पुदैयल. पुरलेला खजिना. एक गृहस्थ म्हणाले, आमच्या परसात नाग राखण करतो, आधी त्याला विचारा. एक बाई म्हणाल्या, इथं काही नाही हो, आम्ही दोनदा खणून बघितलंय. बरीच दारं तोंडावर बंद होतात. होईनात का, माझं काही झिजत नाही.

तुमचं झिजत होतं. लग्नाच्या पंगतीत रसम वाढणारा तुमच्या पानावरून पुढे गेला तर त्याला हाक मारायची नाही. "त्याला दिसत नाही काय? न मागतां वाढलें तर जेवायचें, नाही तर उठायचें." कुंभकोणमच्या बसस्टँडवर तुम्ही कुणाला बस विचारली नाहीत, आणि आपण तिघं भलत्याच मन्नारगुडीला उतरलो. तिथंही तुम्ही मान ताठ ठेवून उभे, जणू मन्नारगुडीलाच यायचं होतं. मराठीत मागणं वेगळं आणि विचारणं वेगळं. तमिळमध्ये दोन्हीला एकच क्रियापद, केळ. आयुष्यभर तमिळला नाक मुरडलंत, पण हा गोंधळ मात्र तिच्याकडून मनापासून घेतलात. रस्ता विचारणंसुद्धा तुम्हाला भीक वाटायची. आपण राजाच्या माणसांचं कूळ, आपण देणारे, असं म्हणायचात. मी लहान होते म्हणून गप्प बसले, आता म्हणते: राजानं दिलेल्या इनामावर तीन-चार पिढ्या जेवल्या, ते इनाम काय पारिजातकासारखं आपोआप अंगणात पडलं होतं? कुणीतरी दरबारात जाऊन हात जोडलेच असतील ना?

घर विकलंत त्या दिवशी मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. घर विकल्याचा राग मला तेव्हाही नव्हता. छत गळत होतं, तुमचा पगार पुरत नव्हता, कळत होतं सगळं. तुम्ही किल्ल्या दिल्यात, रस्त्यावर आलात, आणि आमच्याकडे न बघता म्हणालात, "आजपासून ह्या वीथींतून जायचें सुद्धां नाही." पुढच्या आठवड्यात भाड्याच्या घरात, तुमच्या ताटात भातावर अंबट वाढताना, आईनं हळूच विषय काढला. परसात विहिरीच्या भिंतीपाशी तिच्या पहिल्या मुलाची वार पुरलेली होती. माझा थोरला भाऊ, बारशाच्या आतच गेला, त्यामुळे नाव नाही, फोटो नाही. आपल्या घरात बाळ झालं की मागून पडलेली वार सुईण मडक्यात घालून, हळद, सुपारी आणि एक तांब्याचा पैसा ठेवून परसात पुरायची. आई तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत, तिला जागाही कधी दाखवली नाही, नुसतं भिंतीपाशी म्हणून सांगितलं. त्या मुलाचं म्हणून जगात तेवढंच उरलं होतं. दरवर्षी ती तिथं हळदीचं पाणी घालायची. "एकदां विचारा हो त्यांना," ती म्हणाली, "वर्षांतून एकदां येऊं का म्हणून. नाही म्हणाले तर नाही. विचारायला काय जातें?" तुम्ही ताट सरकवलंत. "मी मागायला जाणार नाही. तूंही नाही." अप्पा, ते ताट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं लोक म्हणतात ते तुमच्यासारख्यांना बघूनच. आई गेली, मागून तुम्ही गेलात, आणि मी इतकी वर्षं हेच धरून बसले की तुमच्या ताठ मानेपायी तिला तेवढं पाणी घालता आलं नाही.

गेल्या आठवड्यात दूधवाला म्हणाला, तुमच्या जुन्या घरवाल्यांच्या परसात गाड्या लावायला काँक्रीट ओतणार आहेत. मग मला राहवेना. पैसा तिथं असेल तर तो सिमेंटखाली जाऊ द्यायचा नाही, एवढंच ठरवलं आणि गेले. दार उघडलं ते घर घेणाऱ्यांच्या सुनेनं. तेव्हाची कोवळी नवरी, आता माझ्याहून म्हातारी. माझी तमिळ चांगली आहे, शाळाच तमिळमध्ये झाली. पण हा विषय आपण कधी मराठीबाहेर काढलाच नव्हता, आपल्या घरात वार म्हणजे वारच. तमिळ शब्द ओठावर आला तो अर्धाच. नंजुकोडी म्हणायचं होतं, मी म्हणून बसले, "एंग वीट्टु कोडी इंगे पुदैच्चिरुक्कु," आमच्या घरची कोडी इथं पुरलेली आहे. आणि नुसतं कोडी म्हटलं की तंजावुरातल्या बाईला एकच कोडी दिसते, तालिकोडी, मंगळसूत्राची सोन्याची साखळी. त्यात माझ्या हातात मशीन. बाईंचा चेहरा बदलला. "एत्तनै पवुन?" किती सोनं आहे? मी नाही नाही म्हणेपर्यंत आतून त्यांचा मुलगा आला. घर घेतलं तेव्हा जमिनीसकट घेतलं, म्हणाला, आणि फाटक ओढायला लागला. माझं डोकं फिरलं. तमिळ गेली, सगळं गेलं, गल्लीला ऐकू जाईल असं मी मराठीत ओरडले, "अहो सोनें नव्हे! वार! बाळाची वार!"

बाई थबकल्या. "वार?" त्यांनी तो शब्द अगदी आपल्यासारखा म्हटला. मग मुलाचा हात फाटकावरून काढला आणि मला विचारलं, "तुम्ही त्या मराठी अम्मांची मुलगी का?"

ती यायची, अप्पा. दरवर्षी आडी महिन्यात, मागच्या बोळातून, चोंबूत हळदीचं पाणी घेऊन. परसाच्या, कोल्लैच्या दाराशी उभी राहून प्रत्येक वेळी विचारायची, आत येऊ का? बाई म्हणाल्या, मी सांगून थकले, अम्मा, विचारू नका, सरळ या. पण ती ऐकायची नाही. विचारूनच येणार म्हणायची. तिला नेमकी जागा ठाऊक नव्हती म्हणून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धार धरायची. कशाला म्हणून विचारलं तर तमिळमध्ये सगळं सांगायची आणि तो एक शब्द मराठीत. आठवतंय तुम्हाला? आडी पेरुक्कूच्या नदीपूजेला तिरुवैयारूला कावेरीवर जाऊन येते, असं सांगून ती निघायची. नदीत बुडी मारायला गेलेली बाई कोरड्या साडीनं तासाभरात परत कशी येते, हे तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही. कसं वाटणार? तुम्ही विचारत नव्हतात. मी त्या परसात उभी राहून आधी हसले आणि मग रडले. मला वाटत होतं तुमचा शब्द मोडणारी मी पहिली. मी पहिली नव्हते, याचा मला जरासा रागही आला.

मशीन लावलं तर भिंतीपाशी जिथं धरावं तिथं कुंई. बाईंना वाटलं बिघडलं. बिघडलेलं नव्हतं. किती बाळं जन्मली त्या घरात, तेवढे पैसे. दोन-तीन ठिकाणी खिळे आणि बाटलीची झाकणं निघाली. मुलगा आता निमूटपणे माझ्याबरोबर मण्वेट्टीच्या फावड्यानं माती ओढत होता. शेवटी मडक्याच्या खापऱ्यांत एक पैसा निघाला, हिरवा पडलेला. नियमाप्रमाणे तो त्यांचा. मी हातातली माती झटकली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, हा मला द्याल का? बाई म्हणाल्या, याला काय मागायचं, घे की. म्हटलं, नाही, मला मागायचंय. तेव्हा त्यांनी तो आधी स्वतःच्या हातात घेतला आणि मग माझ्या ओंजळीत ठेवला. माझी मान कुठं खाली गेली नाही, अप्पा. उलट इतकी सरळ मी आजवर कधी उभी राहिले नसेन.

हे मी देवनागरीत लिहितेय, तुम्ही पाटीवर गिरवून घेतलेल्या अक्षरांत. घरात हे वाचणारं दुसरं कुणी नाही. मुलगा मराठी बोलतो जेमतेम, वाचत तर नाहीच. तेव्हा हे कुठं जायचं नाही, कपाटातच राहील.

एक सांगायचं राहिलं. दुपारी पैसा चिंचेनं घासला. साल निघालं नाही, इंग्रजांच्या जुन्या राजाचं डोकं मात्र निघालं. भाऊ जन्मला तेव्हा बाजारात नवे पैसे आले होते. घरात जुना तांब्याचा जपून ठेवलेला असेल आणि तोच पुरला असेल, असं होऊ शकतं. मी तासभर स्वतःला तेच समजावत होते. पण त्या घरात तुम्हीही जन्मलात, आणि तुमची वारही त्याच भिंतीपाशी आहे. कुणाचा पैसा आहे हे आता सांगायला कोणी नाही. मी गेले होते ती भावासाठी आणि आईसाठी, तुमच्यासाठी मुळीच नव्हे. पण तुमचा आहे हे ठाऊक असतं, तरीही मी तो मागितलाच असता.