वत्सलाअत्याने वाजवून घेतलेला ब्लॉक

कुंभकोणम्,
शुक्रवार

तीर्थरूप बालकृष्णमामांच्या चरणी गिरिधरचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त तो मनातल्या मनातच घातला आहे.) पुण्याची हवा मानवते का? गुडघे काय म्हणतात? फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीची चेन्नईची शर्यत तुम्हाला ठाऊकच आहे. पाव मैल सरळ रस्ता, आणि माझं इंजिन पहिल्या दहा फुटांतच फुटलं. (गाडीही त्यातच जळली, ते असो.) टाळ्या मात्र जिंकणाऱ्यापेक्षा मलाच जास्त पडल्या. तुमच्या सूनबाईने, रक्षाने, त्याच दिवशी बजावलं: आणखी एकच ब्लॉक. तो फुटला की शर्यती कायमच्या बंद.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. हजार हॉर्सपॉवर सोसायला तो लोखंडाचा घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा, या काळजीत मी आठ महिने काढले. लोखंड दणकट पण जड; अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण तापलं की फुगतं. शेवटी साक्कोट्टैच्या रस्त्यावरच्या सूर्या मेकॅनिकने चार जुने ब्लॉक मागवले, तीन लोखंडी, एक अ‍ॅल्युमिनियमचा. ते आले नेमक्या त्याच दिवशी वत्सलाअत्याला पट्टीश्वरम्‌च्या दुर्गेला न्यायचं होतं. वाटेत पाच मिनिटं थांबू म्हणालो आणि फसलो.

अत्या साठ वर्षं इथल्या बाजारात भांडी वाजवून घेत आली आहे (दुकानदार तिला पाहून आधीच हात जोडतात). अ‍ॅल्युमिनियम पाहताच तिने विचारलं, यातलं पाणी आटलं तर? तिचं सार उकळायचं कथलाचं भांडं तसंच चुलीवर वितळून बसलं होतं. सूर्याने तो ब्लॉक पायानेच बाजूला सारला, कारण त्याच्याकडे असाच एक तापून वाकडा झाला होता. मग तिने त्याचीच हातोडी उचलली आणि साखळीला टांगलेले लोखंडी ब्लॉक ठोकायला लागली. पहिल्यालाच म्हणाली, "अय्यो, नक्को रे, फुटलाय." (तो मी पाहताक्षणीच मनात पक्का केला होता.) दुसऱ्याला नुसतं तोंड वाकडं केलं. तिसरा मात्र देवळातल्या घंटेसारखा वाजला.

सूर्या पोट धरून हसला. तिची चूक दाखवायला त्याने नापास झालेले दोन्ही ब्लॉकची भोकं बंद करून आत हवा भरली आणि पाण्यात बुडवले. दोन्हींतूनही बुडबुडे! तेव्हापासून तो तिला वाकून नमस्कार करतो. मामा, खरं सांगतो, मला तिथेच रडू आलं. माझी सगळी शर्यत त्या म्हातारीच्या कानाने वाचवली. तिसरा ब्लॉक आनंदाच्या भरात मीच उचलायला गेलो, म्हणून ही कंबर.

मामींना नमस्कार.

तुमचा लाडका (अजून असेन तर),
गिरिधर

ता. क. इंजिन झालं, पण ते बसवायला गाडी नाही. तुमची साक्कोट्टैच्या शेडमधली गाडी नुसतीच धूळ खात आहे.

ता. क. २ म्हणजे होती. तिचा पुढचा भाग परवाच कापला.

ता. क. ३ गाडी तुम्हीच आग्रहाने दिलीत, असं मी रक्षाला सांगितलं आहे. रविवारी ती खात्री करायला फोन करेल, तेव्हा हो म्हणा. फक्त आवाज खणखणीत काढा, मामा. फोन स्पीकरवर असेल आणि शेजारी वत्सलाअत्या बसलेली असेल.