स्वप्नातली ढोलकी डावीकडून सैल

मालेगाव (जि. वाशीम)

ती. गोमतीबाई यांना भावजय रुख्मिणीचा सविनय जय भीम.

इकडे सर्व खुशाल आहे, तुमच्या भावाचा उजवा अंगठा सोडून. आणि त्याला कारण तुम्ही आहात, म्हणून हे पत्र. (फोनवर गाण्याचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता. शिवाय शेजारचा गोविंदा तुमच्या किन्हीराजाला चाललाच होता, म्हणजे टपालाचा खर्च वाचला.) नवी कवळी बसली का? भाकर चावते का?

तर बाई, कवळीतून शिट्टी वाजते म्हणून तुम्ही इथल्या विहारात गाणं सोडलं, तेव्हापासून मला झोपेत गाणं ऐकू येतं. असंतसं नाही, अख्खं. तुमचा आवाज, मागून बायकांची साथ, टाळ्या, आणि मधात एक कडवं, जे तुम्ही जागेपणी कधीच गायलं नाही. इतकं साफ, की ढोलकी डावीकडून सैल आहे हेही कळतं. मग माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी स्वप्नातच दोरी ओढायला लागते. परवा जोर लावून ओढली, तर ढोलकीच ओरडली, "सोड व माय, बोट हाये ते!" तेव्हापासून तुमचे भाऊ दोन्ही हात उशीखाली घालून झोपतात.

ते कडवं हातचं जाऊ नये म्हणून उठल्याबरोबर गुणगुणत स्वयंपाकघरात जाते. गॅस पेटवेपर्यंत टिकतं; चहा उकळला की त्याला धुरपताबाईची चाल लागते. (तुमच्या जागी सध्या ती गाते. मन लावून गाते, खोटं कशाला बोलू. पण खुंट्याला बांधलेल्या बकरीसारखं गाणं तिथल्या तिथं फिरतं.) आपल्या वैभवीनं माझ्या उशाशी मोबाईल ठेवून पाहिला. त्यात फक्त माझं घोरणं निघालं. पोरगी बापाले सांगते, "बाबा, ठेका मात्र पक्का हाये!" भन्तेजींना विचारलं, ते म्हणाले श्वासावर लक्ष ठेवा. ठेवलं. तर श्वासच ताल धरून बसला.

रोज येता, गाता, झोपू देत नाही, आणि सकाळी चहालाही थांबत नाही. हे बरं नाही, बाई.

तुमची,
रुख्मिणी

ता.क. भन्तेजींचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला विहारात गायला या. लिहायचं एवढंच होतं. कागद घेतलाच होता, म्हणून बाकीचं भरलं.

आणखी ता.क. स्वप्नात मी जवळ जाऊन पाहिलं, तुमच्या तोंडात कवळी नव्हती. बोळक्या तोंडानंच गात होत्या. तशाच गा. कवळी माझ्याकडे द्या, मी डबीत घालून पदराला बांधून ठेवते. धुरपताबाई स्वतः म्हणाली, "आना व तिले. मीच गात राह्यली तं मी आयकू कवा?"

शेवटचं. विहारातली ढोलकी खरंच डावीकडून सैल निघाली. वाशीमला नेऊन दोरी बदलून आणली. पैसे मी दिले. (हो, मीच. पुन्हा वाचा.) आता काय ते तुम्ही ठरवा.