मी खुर्ची नाही

तीर्थरूप मामा,

नमस्कार. तुमची कंबर आणि आरामखुर्ची दोन्ही शाबूत असतील अशी आशा आहे. मामींनी खुर्ची विकायला काढल्याचं आईकडून कळलं, अफवा असावी.

सुट्टीत मला संगणकाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायला मिळालं, तेव्हापासून घरी सगळ्यांना वाटतंय की मी पांढरा कोट घालून काहीतरी उकळते. इथे कोट नाही. एक लांब खोली, संगणकांची संथ घरघर आणि छताला कॅमेरा. खोलीत माणूस आहे की नाही हे आमचा प्रोग्रॅम ओळखतो आणि नसेल तर दिवे घालवतो. पहिल्याच दिवशी सगळे चहाला गेले, मी एकटी जागेवर राहिले आणि दिवे गेले. स्क्रीनवर माझ्याभोवती चौकट होती आणि वर लिहिलं होतं: खुर्ची. मग वाऱ्याने खिडकीचा पडदा फुगला आणि दिवे आले. (पडदा माणूस ठरला होता.) वारा पडला, पुन्हा अंधार. असा बराच वेळ उजेड येत-जात राहिला, जणू खोलीच सावकाश श्वास घेत होती. तो मोडू नये म्हणून मी हलले नाही. प्रयोगशाळेच्या मॅडमना मात्र सांगितलं की मी विचार करत होते.

चहाहून सगळ्यांच्या आधी परतला तो शेजारी बसणारा सीनियर. (सगळे त्याला दादा म्हणतात. मी म्हणत नाही.) तो म्हणाला, "अगं, अधूनमधून हलत जा. निदान आम्हाला तरी कळेल."

मॅडमच्या मते दोष माझ्या बसण्यात नाही. प्रोग्रॅमला आम्ही फक्त चालती-फिरती माणसं दाखवली आहेत. शुक्रवारपर्यंत त्याला स्थिर माणूस ओळखता आला नाही, तर हे काम दुसऱ्याकडे जाईल आणि मी सुट्टीभर फोटोंतल्या खुर्च्यांभोवती चौकटी आखत बसेन.

तुमची भाची

ता. क. आपल्या घरात तुमच्याइतकं निश्चल कुणी बसत नाही. तुमची हरकत नसेल तर दुपारी समोर मोबाईल टेकवून व्हिडिओ घ्यावा. घोरलात तरी चालेल, आवाज आम्ही वापरत नाही. मामींना सांगावं, संशोधन संपेपर्यंत खुर्ची विकता येणार नाही.

आणखी एक. आज माझ्या चौकटीवर 'माणूस' असं उमटलं. प्रोग्रॅम कालचाच आहे. सीनियरने फक्त विचारलं, "पडद्याकडे बघत असतेस ना?" मी हलले, एवढंच. आईला कळवू नये.

व्हिडिओ तरीही पाठवा. शुक्रवारी तो रजेवर आहे.