'वॅगटेल'चं अस्तर

ऑर्फर्ड, सफोक
१४ एप्रिल २०१९

प्रिय ॲम्ब्रोज,

तू बरा आहेस असं धरून चालते. नसलास तरी बहिणीला कळवणार थोडाच! इथे गुडघे सोडून सगळं ठीक. संत्र्याचा मुरंबा या वर्षी जरा कडवट झालाय, तुला आवडेल तसा.

जुन्या होड्यांच्या शर्यतीच्या नियमांची बैठक काल झाली. पुढच्या वर्षी तुला दिसेल याची खात्री देत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी म्हटल्यापासून तू ऑगस्टच्या शर्यतीवर जीव लावून बसलायस. निकाल सांगते, जरा दम धर.

'जुनी' कुणाला म्हणायचं यावरच चहाची किटली रिकामी झाली. एकोणीसशे पासष्टच्या आधी बांधलेली, हे लगेच ठरलं. लाकडाची, हेही. मग गाडं अडलं. लाकडावर बाहेरून फायबरग्लासचं अस्तर चढवलं असेल तर?

उघड्या लाकडाच्या होडीवाल्या पूलीने तोंड उघडलंच. "अध्यक्षबाई, लाकडाला प्लॅस्टिकचा रेनकोट घातलेला चालतो? मग मीही केस रंगवून विशीतल्या पोरांबरोबर धावतो!"

सगळे खिदळले. रोख तुझ्या 'वॅगटेल'वर होता, हे मला कळलं.

"आमच्या बाबांनी प्रेमाने चढवलंय ते अस्तर," मी म्हटलं.

"चढवलं असेल हो. पण तुमची होडी कोरडी राहते आणि माझी पाणी पिते, त्याचं काय?"

त्याचं खरं होतं रे. उघड्या लाकडाच्या होड्या पाणी पिऊन जड होतात. अस्तरवाल्यांना आत घेतलं तर दरवेळी त्याच जिंकणार, मग उघड्या होड्या कोण कशाला उतरवेल? लोक त्यांची कोंबड्यांची खुराडी करतील. अस्तर सोलून काढ म्हणावं, तर खालचं लाकूडही सोबत निघेल.

मतं समसमान पडली. म्हणून अध्यक्षाचं, म्हणजे माझं, मत मोजायचं ठरलं. ते मी अस्तराविरुद्ध दिलं.

घे, लिहिलं एकदाचं.

हात वर केला आणि मला रडू आलं, सगळ्यांसमोर. पूलीने रुमाल पुढे केला, तोही तेलकट. "बाई, मत बदलायचं असेल तर बदला," म्हणाला बिचारा. मी नाही बदललं. पण तू माझा भाऊ आहेस, आणि तुझा ऑगस्ट मी हिरावून घेतला याचं मला फार वाईट वाटतं.

शर्यतीच्या दिवशी पंचांच्या बोटीवर माझ्याऐवजी दुसरं कुणी बसवा, असं मी सांगून टाकलंय. सगळ्या होड्या सुटल्या की मागून आपण 'वॅगटेल' सोडू. आपल्यासाठी सुरुवातीची तोफ उडणार नाही, नंबरही मिळणार नाही. सुकाणू तू धर. पुढचं शीड मी सांभाळीन आणि वळायच्या खुणेचा तरंगता बोया कुठे आहे ते सांगत राहीन. चिडायचं असेल तर खुशाल चीड, पण होडीत, मला समोर बसवून.

तुझ्याविरुद्ध मत दिलेली, आणि तुझ्याशिवाय कुणाच्याही होडीत न बसणारी,
हेस्टर